बॅटरीवाचून लागणारा दिवा

"मी नाय जाणार."

"पेटी तुझी आहे रत्ना. तूच जायचं."

"माझी कधी होती? उपकेंद्राला दिली, तुमची सही घेतली. त्या दिवसापासून ती तुमची, सिस्टर."

"माझी असती तर माझ्या टेबलावर असती. भिमीच्या चुलीपाशी नसती."

शेणव्याच्या नाक्यावरच्या त्या एवढ्याशा दुकानात दोन बायका भांडत होत्या आणि बाहेर जीपवाला हॉर्न वाजवायचं विसरून ऐकत उभा होता. संघरत्ना काउंटरच्या आतल्या बाजूला, हातात तापलेली सोल्डरिंग गन. आरोग्य उपकेंद्राची सरस्वती सिस्टर बाहेरच्या बाजूला, ओल्या छत्रीतून पाणी गाळत. दोघींच्या मधे काउंटरवर एक काळी बॅटरी. सिस्टरनेच ती जीपवाल्याकडून उचलून आणवली होती.

"बरं, पेटी राहू दे," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "ही बॅटरी बघ. भिमीचा मंगळ्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः काढून आणली. नऊ दिवस झाले, माझ्या खोलीत पडून आहे."

"मग?"

"आणि दिवा तिकडे रोज लागतो."

रत्नाने सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली. "कशावर लागंल?"

"तेच विचारायला आले मी तुला. माझ्या डोळ्यांनी बघितला. वायरी नुसत्या लोंबत होत्या आणि दिवा लागलेला. नोकरीला वीस वर्षं झाली रत्ना, मेलेली माणसं मी कमी बघितली नाहीत. पण त्या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. शुक्रवारी नवीन औषध येतंय, ते ठेवायला पेटी पाहिजे. तू आणून दे."

एवढं बोलून ती जीपमधे जाऊन बसली. बॅटरी काउंटरवरच राहिली.

संघरत्नाचा जन्म भातसानगरच्या वसाहतीतला. बाप जयराम धरणाच्या दरवाजांवर कामाला. आई गोजाबाईने किटली दिली की बापाचा चहा घेऊन पोरगी वर जायची आणि दरवाजांच्या चाकांपाशी रेंगाळायची. जयराम कमी बोलणारा माणूस, पण दरवाजाबद्दल विचारलं की खुलायचा. म्हणायचा, दार धाडकन उघडायचं, धाडकन लावायचं, असं करायचं नसतं. बोटभर उघडायचं आणि तसंच ठेवायचं. तेवढंच पाणी जातं, पण खाली कुणाचं काही वाहून जात नाही.

शहापूरला आयटीआय केलं आणि चौऱ्याण्णव साली ती मुरबाडच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायला लागली. आठ वर्षं गुंडाळल्या. गप्पा मारतानाही तिची बोटं वेढे मोजत. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या बायका भाताच्या खाचरात परतल्या. हिने शेणव्याला दुकान टाकलं. सुरुवातीला लोक रेडिओ दुरुस्तीला आणायचे ते बाई रेडिओ खोलते हे बघायलाच. एक म्हातारा तर चांगला चालणारा रेडिओ घेऊन आला होता. रत्नाने तो खोलला, पुसला, तसाच परत दिला आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या टायमाला बिघडवून आणा."

पुढे पेटीत बसवलेली ती वडी तिच्या हाती लागली कारखान्यातच, भंगारात गेलेल्या एका यंत्रात. दिसायला खोबऱ्याच्या वडीएवढी, पांढरी, दोन वायरी फुटलेली. करंट सोडला की एक अंग गार पडतं, दुसरं तापतं. आत काही फिरत नाही, गॅस नाही, घरघर नाही. पहिल्यांदा हात लावला तेव्हा रत्नाने बोट झटकन मागे घेतलं होतं. फ्रीजचा गारवा येताना आवाज करत येतो. हा गारवा मुकाट होता. आजीला शेवटची आंघोळ घालताना तिच्या कपाळाला हात लावला होता, तो गारवा तिला आठवला.

पण वडीने तिला सोडलं नाही. सन दोन हजार पाच-सहाचा तो काळ, पाड्यांवर बारा-बारा तास करंट नसायचा, पावसात तर दोन-दोन दिवस. उपकेंद्रातला फ्रीज म्हणजे कपडे ठेवायचं कपाट झालं होतं. विंचू-सापाचा मुलूख, आणि सापाचं पातळ औषध तर गारच ठेवावं लागतं. डोळखांबच्या पुढे वरच्या पाड्याच्या वाटेवरचा ओढा चढला की औषध खालून वर जात नाही आणि माणूस वरून खाली येत नाही. सिस्टरने रत्नाला विचारलं, बॅटरीवर चालणारं काही करशील का. आणि रत्ना त्या वडीच्या मागे लागली.

पहिल्यांदा तिने वडी सरळ बॅटरीला जोडली. पहिल्या मिनिटाला बर्फ, दहाव्या मिनिटाला कोमट, आणि पाच तासांत बॅटरी रिकामी. करंट दुप्पट केला की वडी गारवा फार तर दुप्पट देते, पण स्वतःच्या अंगात ऊब चौपट करते, आणि मग स्वतःचीच ऊब उपसण्यात तिचा जीव जातो. मग तिने आपोआप चालू-बंद होणारं बटण लावलं. तेही फसलं. वडी बंद झाली की बाहेरच्या अंगाची ऊब त्याच वडीतून उलट चालत आत यायची. वडीला दार नसतं.

तेव्हा तिला बापाचा दरवाजा आठवला. तिने एका मेलेल्या कम्प्युटरच्या सप्लायमधून काळं कडं काढलं, त्यावर हाताने जाड तार गुंडाळली, आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा स्विच पुढे बसवला. स्विच धक्के देतो, कॉइल ते धक्के गिळते आणि पलीकडे संथ धार सोडते. एका वडीला रेटण्यापेक्षा दोन वड्या एकापुढे एक जोडल्या आणि दोघींना थोडाथोडाच करंट दिला. बोटभर उघडलेलं दार, रात्रंदिवस तसंच. पाच तासांची बॅटरी सव्वा दिवस चालू लागली. करंट येईल तेव्हा ती पुन्हा भरायची. थर्माकोलचा खोका, आत औषधाशेजारी पाण्याच्या चार बाटल्या, मागे ऊब बाहेर टाकायला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा पाट. आणि पुढच्या बाजूला तांबडा, मसुरीच्या दाण्याएवढा दिवा.

तो दिवा तिने बॅटरीवर न लावता वडीच्या वायरींवर लावला होता. बॅटरी आहे म्हणून दिवा लागावा याला काय अर्थ? वडी काम करते म्हणून लागावा. हे ती ज्याला-त्याला सांगायची. तिच्या मते पेटीतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट तो दिवा होता.

वैशाखात पेटी वर गेली. ती सांभाळायला भिमी. ती पाड्यावरच्या उपकेंद्रात झाडायची, पाणी भरायची, आणि घर लागूनच, म्हणून पेटी तिच्याच घरात ठेवली. सिस्टर आठवड्यातून दोनदा वर जायची. श्रावणात भिमीच्या नवऱ्याला, मंगळ्याला, मण्यार चावली. मण्यार चावलेली कळतही नाही. पहाटे तो उठला आणि म्हणाला, डोळे उघडत नाहीत. सिस्टर त्या दिवशी पाड्यावरच अडकलेली, ओढा चढलेला. तिने पेटीतल्या औषधाच्या होत्या तेवढ्या कुप्या त्याला लावल्या. मंगळ्याच्या पापण्या उतरत गेल्या. बोलणं ऐकू येत होतं, कारण भिमीने विचारलं की तो तिचं बोट दाबायचा. मग बोट दाबणंही थांबलं. दुपारी तो गेला. सिस्टरने रत्नाला हे सांगितलं तेव्हा रत्नाने एकच विचारलं होतं, आतलं थर्मामीटर काय दाखवत होतं? सिस्टर चिडली होती. म्हणाली, त्या वेळेला थर्मामीटर कोण बघतं? दिवा लागला होता, मी बघितला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून रत्ना वर गेली.

ओढ्यापर्यंत न्यायला प्रेमा आली होती, मंगळ्याची चुलत भावजय. वाटेत ती फारसं बोलली नाही. ओढा ओलांडल्यावर मात्र म्हणाली, पाड्यातल्या बायका भिमीच्या घरावरून विस्तव नेत नाहीत आता. लांबून जातात. रत्नाने कारण विचारलं. प्रेमाने पदर दातात धरला आणि पुढे चालत राहिली. पाड्यात दारादारात बायका होत्या, भाजी निवडणाऱ्या, सूप पाखडणाऱ्या. रत्ना जवळ आली की सूप थांबायचं, पुढे गेली की पुन्हा चालू व्हायचं.

भिमीच्या अंगणाशी प्रेमा थांबली.

"आत येत नाय?"

"तू जा, ताय. येळ झाली त्याची."

दुपारचे तीन वाजले होते. ढग इतके खाली आलेले की कुडाच्या घरात हात दिसेना. डोळे सरावल्यावर आधी चूल दिसली, मग भिमी, मग पेटी. चुलीच्या अगदी बगलेला, पात्यांचा पाट विस्तवाकडे आणि तोंड भिंतीच्या खुंटीकडे. खुंटीला मंगळ्याचा सदरा होता.

दिवा बंद होता.

सिस्टरला काय, दिवसरात्र जागरणं, दिसलं असेल काहीतरी. रत्ना पुढे झाली, गुडघ्यावर बसली, वायरी हातात घेतल्या. तांबडी आणि काळी, दोन्हींची टोकं उघडी, कशालाही न जोडलेली.

"भिमे, पेटी न्यायला आले. सिस्टरनं पाठवलंय."

"ने ना. माझी थोडीच हाय." भिमी चुलीत काटक्या सारत होती. "पन जरा थांब. तो जेवला नाय अजून."

तिने फुंकणी उचलली. तीन-चार फुंकरा मारल्या आणि जाळ पेटला. मडक्यात नाचणीची आंबील होती. पानाच्या द्रोणात थोडी ओतून तिने तो पेटीपुढे ठेवला आणि मागे सरून बसली, हात गुडघ्यांभोवती गुंफून, एस्टीची वाट बघावी तशी.

रत्ना काही बोलणार होती. तेवढ्यात दिवा आला.

लागला म्हणता येणार नाही. आधी तांबडा ठिपकाही नव्हता, नुसता अंधार एके जागी जरा कमी झाला. मग तिथे विस्तवाच्या राखेतल्यासारखं काहीतरी दिसलं. मग झापडं बाजूला सारत डोळा उघडावा तसा तो उघडत गेला, हळूहळू, आणि पूर्ण उघडल्यावर तसाच राहिला. द्रोणातल्या आंबिलीवर तांबडा थेंब पडला.

रत्नाच्या हातात वायरींची दोन टोकं होती. ती दोन बोटांत धरलेली होती. भंते, बुद्धविहार, बापाने शिकवलेलं सगळं, आयटीआय, आठ वर्षांचे वेढे, सगळं तिथल्या तिथे गप्प झालं आणि खुंटीवरचा सदरा हलल्यासारखा वाटला.

"आला," भिमी म्हणाली. "रोज असाच येतो. सकाळी उशिरा, या टायमाला लवकर."

रत्नाने वायरी टाकल्या. पेटीचं झाकण उघडलं, कारण काहीतरी करायला हवं होतं. आत पाण्याच्या चार बाटल्या. गार.

"आत पानी कुनी भरलं?"

"मीच भरते. झऱ्याचं. तू सांगितलेलं ना, बाटल्या रिकाम्या ठेवायच्या नाय."

रत्नाने मागच्या पाटावर तळवा टेकला आणि चटका बसून मागे घेतला. पाती चांगलीच तापली होती. तिने पुन्हा आत हात घातला. गार. पुन्हा बाहेर. तापलेलं. मग तिने पेटी दोन्ही हातांनी धरून चुलीपासून हातभर लांब ओढली आणि थांबली. बराच वेळ काही झालं नाही. मग दिवा मंदावू लागला. तिने पेटी पुन्हा जाळाजवळ सरकवली. दिवा पुन्हा उघडू लागला.

"खेळवू नको त्याला, ताय," भिमी हळूच म्हणाली.

तेव्हा रत्नाला कळलं, आणि कळलं तसं तिला हसू येणार होतं. वडीला करंट दिला तर ती एक अंग तापवते आणि एक गार करते. आणि एक अंग तापलेलं, एक गार असं आयतंच मिळालं, तर ती करंट देते. पुस्तकात वाचलेलं होतं हे. तेवढ्याने काय होणार म्हणून तिने सोडून दिलं होतं. चुलीची ऊब पात्यांतून शिरते, वड्यांमधून चालत झऱ्याच्या पाण्याकडे जाते, आणि जाता जाता दिव्याला चिमूटभर देते. भूत नाही, मंगळ्या नाही. ऊब आत शिरते आहे, एवढंच.

हे सांगायला तिने तोंड उघडलं. भिमे, ऐक, असं म्हणालीसुद्धा.

"मला ठाव हाय तू काय सांगणार," भिमी म्हणाली. "पेटी सिस्टरला पायजे. दुसरं कुनी चावलं तर औषद लागंल. मी नाय म्हनत नाय. मी लय जपलीय तिला, ताय. तू सांगितलंस तशी."

"मी काय सांगितलं?"

"इसरलीस? पेटी घेऊन आलीस तवा नाय का बोललीस, भिमे, बॅटरी चुलीतल्या लाकडावानी जपून वापर." भिमीने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं, दाखवायला. जाळ बसला, निखारा राहिला. "भात शिजला की आमी लाकूड मागं वढतो. निखाऱ्यावर राहतं ना ऊन. तसंच केलं मी. करंट नसला की दिसभर वायर लावायची, पेटी गार झाली की सांजंला काढायची. दिवा काय लगीच जात नाय. निखाऱ्यावानी राहतो. झोपंपर्यंत दिसायचा. सकाळी पुन्ना वायर लावायची. आशाढापासून एक रोज चुकले नाय. सिस्टर यायची तवा बॅटरी भरलेलीच असायची, ती मला शाबासकी द्यायची."

रत्ना चुलीकडे बघत राहिली.

एक सांज नाही. आषाढापासून श्रावणापर्यंतच्या सगळ्या सांजा तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. वायर काढलेली, वडीला दार नाही, बाहेरची ऊब गुपचूप आत चालत निघालेली, आणि ती आत शिरते आहे याचीच खूण म्हणून तो दिवा लागलेला. तिचा दिवा. तो लागलाय तोवर सगळं ठीक आहे असं भिमीला तिनेच शिकवलेलं. आतलं औषध सांजेला गार, पहाटे कोमट, पुन्हा गार, पुन्हा कोमट. आणि मंगळ्याला औषध दिलं ते पहाटे. त्या औषधात काही उरलं होतं की नव्हतं हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. मण्यारीच्या विषापुढे चांगलं औषधही कधी हरतं. पण सिस्टरने पेटी उघडली तेव्हा दिवा कशावर लागलेला होता? बॅटरीवर, की उरलेल्या निखाऱ्यावर?

विचारायचं नव्हतं. तरी तिने विचारलं.

"त्या दिशी, भिमे. पहाटे. वायर लावलेली होती?"

"नाय. उजाडलंच कुठं व्हतं?" भिमीने द्रोण जरा पुढे सारला. "सिस्टर धावत आली, मी कंदील धरला. दिवा व्हता ना पन. बारीक व्हता, पन व्हता. मी बघितला, सिस्टरनं बघितला."

बाहेर कुणीतरी गुरं हाकत गेलं. अंगणाशी आल्यावर घुंगरांचा आवाज वाट वळवून लांब गेला.

भिमी वळली आणि तिने पहिल्यांदा रत्नाच्या तोंडाकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मजुरीला जाताना वाट विचारावी, तसा साधा चेहरा होता.

"ताय, एक इचारू? पाड्यातली मान्सं बोलत्यात मंगळ्याचं आयुष्यच सरलं व्हतं. सिस्टर बी तेच बोलते. सिस्टरला काय, ती सगळ्यांनाच तसं बोलते. मला तिचं नको. पेटी तू बनवलीस. तुला तिचं आतलं समदं ठाव. तू सांग." तिने पेटीच्या झाकणावर हात ठेवला, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. "औषद गार व्हतं ना त्याला दिलं तवा? दिवा तर व्हता."

दिवा लागलेला होता. चुलीत जाळ नव्हता, निखाराच होता, पण पाती अजून तापलेली होती.

रत्नाने वायरींची दोन टोकं गोळा केली, त्यांना गाठ मारली, पुन्हा सोडली. पेटीला दोन्ही बाजूंनी हात लावला, उचलावी म्हणून. मग हात काढून घेतले. ती उठली, ठेंगण्या दारातून वाकून बाहेर आली, अंगणातल्या चिखलात पाय घातला आणि चपला हातात घेऊन बांधावरून खाली चालू लागली.